शेवरलेटची खोड

“म्हयपती, आता एकेका गाडीची खोड सांग,” आई म्हणाली.

ती जोत्यावर पाय सोडून बसली होती. समोर अंगणात आमच्या दोन गाड्या उभ्या होत्या. काल पाडवा झालेला, त्यामुळे दोन्हींच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा. डावीकडे काळी डॉज, उजवीकडे आकाशी रंगाची शेवरलेट. दोन्ही अमेरिकन, दोन्ही चोपन्न सालच्या. आमच्या आबांनी डॉज पाचगणीच्या एका पारशी शेटजींकडून घेतली होती आणि शेवरलेट फलटणकडच्या एका बागाईतदाराकडून. वाई-पाचगणी-महाबळेश्वर टॅक्सी चालवून त्यांनी त्या दोन गाड्यांवर सगळं घर उभं केलं. आबा जाऊन वर्ष झालं आणि आज त्या गाड्यांचे वाटे व्हायचे होते.

भांडण म्हणाल तर काडीचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ हणमंत सहा महिने पाचगणीला एका शाळेची बस चालवत होता. त्याला तिथंच बिऱ्हाड करायचं होतं, तिथल्या स्टँडवर स्वतःची टॅक्सी लावायची होती. आई म्हणाली, गोडीत आहात तोवर वाटून घ्या. मलाही ते पटलं. अडचण एकच होती, गाड्या दोन असल्या तरी डॉज एकच होती.

आमच्याकडे वाटण्यांची रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपसूक सारखे वाटे करतो. आणि वाटे मांडताना बैल असो, म्हैस असो की विहीर असो, तिची जी काही खोड असेल ती थोरल्यानं आपल्या तोंडानं सांगायची. दडवली आणि पुढं निघाली, तर मरेपर्यंत भावकीत मान खाली.

“डॉजचं सांगतो,” मी म्हणालो. “चढाला रडते. पाठीमागं ट्रक लागला तर तोसुद्धा हॉर्न मारतो. पेट्रोल पिते. क्लच एवढा जड की संध्याकाळी गुडघा धरतो. डावीकडचं दार आपटल्याशिवाय लागत नाही.”

“बया! एवढ्या खोडी?” आई म्हणाली. “तुझे आबा तर तिला लेक म्हणायचे.”

“लेकीच्या खोडी बापाला कुठं दिसतात?” मी म्हणालो. सगळे हसले.

“आणि शेवरलेटची?”

“वळणावर डुलते, पाळण्यासारखी. मागची एक काच अर्धीच उतरते.”

“बास?”

“बास.”

बास नव्हतं. शेवरलेटच्या मागच्या डाव्या चाकात ब्रेकचं तेल पाझरत होतं. चाकातलं रबर वीस वर्षांचं, झिजून गेलेलं. त्या काळच्या गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असायची. एका चाकातून तेल गेलं, की पायाखालचं पॅडल थेट फळीला टेकतं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. मला हे शिमग्याच्या दिवशी कळलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी मी गुपचूप तेल भरत होतो, घाट सेकंड गिअरमध्ये उतरत होतो आणि ब्रेकला शक्यतो पाय लावत नव्हतो. नवं रबर आमच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या इलाही मिस्त्रींकडूनच मागवावं लागलं असतं, आणि मिस्त्रींना कळलं की आईला कळणार. मनाला म्हटलं, वाटे होऊ देत, मग आठवड्यानं सांगू, ‘अरे हणमंता, तेल गळतंय बघ.’ गाडी जुनी, तेल काय आज गळालं काय नि उद्या!

मला डॉज हवी होती, एवढीच गोष्ट. तिच्या स्टिअरिंगवर मी गाडी शिकलो होतो. घाटात ती जमीन धरून चालते. माझ्या हातांना तिची सवय होती, आणि सवयीची गाडी सोडणं ड्रायव्हरला किती जड जातं ते दुसऱ्याला नाही कळायचं. आधी उचलायचा मान हणमंताचा. तो काही खुळा नव्हता, डॉज काय चीज आहे ते त्यालाही ठाऊक होतं. म्हणून मी डॉजची बदनामी केली आणि शेवरलेटला नटवून उभी केली.

“तोंडी कशाला?” इलाही मिस्त्री म्हणाले. “चालवून बघू की दोन्ही.”

इलाही मिस्त्री म्हणजे आबांचे जिवलग. आबांच्या आधीपासून या गाड्यांची हाडं त्यांनी पाहिलेली. आईनं त्यांना साक्षीला बोलावलं होतं. त्यांची गाडी पारखायची एक तऱ्हा होती. पायाशी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि घाट चढायचा. वर गेल्यावर तांब्यात किती पाणी राहिलं ते बघायचं. ते म्हणायचे, इंजिन खोटं बोलेल, मालक तर बोलतोच, तांब्या बोलत नाही.

“मी शेवरलेट वर नेतो,” मी चटकन म्हणालो. “हणमंता, तू डॉज आण.”

चढाला ब्रेकचं काम नसतं आणि येताना मी सेकंडमध्ये हळू आणणार होतो. माझा हिशेब पक्का होता. मिस्त्री तांब्या घेऊन हणमंताशेजारी बसले. “ज्याला उचलायचीय त्याच्याजवळ मी बसणार,” ते म्हणाले.

पसरणीचा घाट वाई सोडली की लगेच सुरू होतो. शेवरलेटनं तो चढ असा खाल्ला की बोलायची सोय नाही. सेकंडमध्ये टाकलं, पाय दाबला, की मागची सीट पाठीला चिकटते. डॉज पहिल्या दोन वळणांतच मागं पडली. वळण आलं की मात्र शेवरलेट सबंध अंगानं बाहेर कलायची, स्टिअरिंग फिरवल्यावर जरा थांबून मग ऐकायची, आणि सरळ झाली तरी एकदोनदा डुलायची. तिच्यात तांब्या ठेवला असता तर पाचव्या वळणाला माझे पाय धुतले गेले असते.

पाचगणीच्या नाक्यावर मी चांगली पाच मिनिटं आधी पोचलो. उतरायच्या आधी ब्रेक दाबून पाहिला. पॅडल नरम लागलं, चढताना जेमतेम चारदोनदा दाबला होता तरीही. खाली वाकून पाहिलं, तर डाव्या चाकाच्या आतून थेंब ओघळत होता. मी डिकीतली तेलाची बाटली काढली आणि घाईघाईत भरलं. बाटलीत बोटभर तेल उरलं. हात पुसायला फडकं नव्हतं, पाडव्याची नवी पँट होती, तिलाच पुसला.

डॉज आली तेव्हा मी चहावाल्यासमोर पाय हलवत बसलो होतो. मिस्त्रींनी तांब्या धरून आणला. दोन बोटं पाणी कमी झालेलं, बास.

“बघ,” मिस्त्री हणमंताला म्हणाले, “ही म्हातारी चढाला धापा टाकते, पण वळणावर हिचा पदर ढळत नाय.”

“अण्णा तर तिच्या एवढ्या खोडी सांगत होता,” हणमंत माझ्याकडं बघून हसला.

चहा झाला. मी शेवरलेटच्या दाराकडं निघालो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “आता गाड्या बदला. शेवरलेट हणमंता उतरवंल.”

मी दाराची मूठ पकडली.

“कशाला?” मी म्हणालो. “तिची सवय लागते. उताराला जरा... मीच नेतो की.”

“उचलायची मला आणि चालवायची तू?” हणमंत म्हणाला. “हात लावू नको म्हणतोस? काय रं अण्णा, तुझा जीव शेवरलेटवर हाय का काय? म्हणून मघापासनं तिला सोडवंना?”

“तसं नाही रे.”

“मग दे चावी.”

त्यानं हात पुढं केला. मिस्त्री तांब्यात चहावाल्याकडून पाणी भरून घेत होते. एक वाक्य बोलायचं होतं. ‘हणमंता, तिचा ब्रेक धड नाही.’ पाच शब्द. पण ते बोललो की मिस्त्री विचारणार, कधीपासून? आणि सकाळी आईनं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास? संध्याकाळपर्यंत गणपतीच्या देवळापासून एस.टी. स्टँडपर्यंत सगळ्या वाईला कळलं असतं की म्हयपतीनं वाट्यात भावाला फसवलं. जीभ रेटलीच नाही. मी चावी दिली.

“सेकंडमध्ये उतर,” एवढं म्हणालो. “ब्रेक जास्त वापरू नको.”

“मला घाट शिकवतोस?” तो हसत म्हणाला आणि बसला. तो रोज शाळेची पोरं भरलेली बस नेत होता, त्याला मी घाट शिकवत होतो.

मी डॉजमध्ये बसलो आणि त्याच्या मागं लागलो.

सुरुवातीचा रस्ता सौम्य होता. शेवरलेटचा लाल दिवा लागला की माझा उजवा पाय आपोआप खाली जायचा. मी त्याचे ब्रेक मोजत होतो. एक. दोन. हा कशाला दाबतोय इथं? काही गरज होती का? तीन. तेल भरलंय, पुरेल. रोज पुरतं की. पण रोज मी असतो, मी दाबतच नाही. चार. अरे देवा, हा टॉप गिअरमध्ये चाललाय!

त्याला गाडी दाखवायची होती, मिस्त्रींना आणि मला. सरळ रस्ता आला की सोडायचा, वळण आलं की जोरात ब्रेक. शेवरलेट एका अंगावर कलून वळायची आणि पुन्हा सुटायची. उघड्या खिडकीतून मिस्त्रींचं कोपर दिसत होतं. डावीकडं खाली कृष्णेचं पात्र, शेतं, मेणवलीकडची झाडी, सगळं ऊन खात पडलेलं. घाटाला कठडे तरी कुठं होते त्या वेळी, चुन्याचे पांढरे दगड तेवढे ओळीनं मांडलेले. इतकी वर्षं रोज बघत आलो होतो, पण ते दगड इतके बुटके आहेत हे मला त्या दिवशी दिसलं.

सात. आठ. मी हॉर्न दिला. हात बाहेर काढून हळू, हळू अशी खूण केली. हणमंतानंही हात बाहेर काढला आणि ‘ये की’ अशी खूण करून आणखी दाबली. त्याला वाटलं मी शर्यत लावतोय.

मग माझ्यानं राहवेना. ठरवलं म्हणता येणार नाही, पाय दाबला गेला. त्याच्या पुढं जायचं, एवढंच डोक्यात होतं.

सरळ रस्त्यावर डॉजचं काही चालेना. शेवरलेट भसकन पुढं जायची. पण वळण आलं की तिला अंग सावरायला वेळ लागायचा. डॉज मात्र स्टिअरिंग फिरवलं की तशीच वळायची, ना कलणं ना डुलणं. पहिल्या वळणाला मी निम्मं अंतर खाल्लं. दुसऱ्या वळणाला मला शेवरलेटच्या मागच्या काचेतून हणमंताची मान दिसली. तिसऱ्या वळणाला त्याची गाडी बाहेरच्या अंगाला गेली, मी आतून घुसलो आणि वळण संपताना त्याच्या बरोबरीनं आलो.

“अय! मरायचंय का?” तो खिडकीतून ओरडला. पुढं त्यानं जी शिवी घातली ती थोरल्या भावाला घालायची नसते. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. पुढं घुसलो. समोरून एस.टी. चढत होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मी अंग चोरून तिच्या आणि शेवरलेटच्या मधून निसटलो. एस.टी.च्या ड्रायव्हरनंही माझ्या आईला आठवलं.

आता मी पुढं होतो. मी सेकंड टाकला आणि डॉज हळू केली. मागं हणमंतानं जोरात ब्रेक लावला. आरशात बघितलं तर गाडी नाकावर वाकून सावरली. लागतोय ब्रेक. चांगला लागतोय. तो हॉर्नवर हॉर्न देत होता. मी रस्ता सोडला नाही. उजवीकडून यायला लागला की उजवीकडं, डावीकडून यायला लागला की डावीकडं. बैलगाडी बरी, अशा चालीनं मी त्याला खाली आणत होतो आणि तो मागं पेटला होता.

असं एक वळण गेलं. दुसरं गेलं. मला वाटलं, उगाच घाबरलो. अजून सहा वळणं, मग पसरणी गाव, मग सपाटी. खाली गेल्यावर सांगू, तुझी जिरवायची होती म्हणून पुढं आलो. हसतील सगळे. मनात मी ते वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी हॉर्नचा आवाज बदलला. आधी तुटक तुटक वाजत होता, आता सलग वाजायला लागला, थांबेचना. आरशात शेवरलेट मोठी होत होती. मिस्त्रींनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं आणि दोन्ही हात हलवत होते. हणमंताचं तोंड मला स्पष्ट दिसलं. सहा वर्षांचा असताना विहिरीत पडला होता, तेव्हा वर काढताना त्याचं जे तोंड होतं, तेच.

मी पळालो असतो तर वाचलो असतो. हे मी स्वतःच्या मोठेपणासाठी सांगत नाही. मोठेपणाचं माझ्यापाशी त्या दिवशी काही नव्हतं. मी डॉज पळवली नाही, तिला त्याच्या बरोबर समोर आणली, हात बाहेर काढून ‘टेक, टेक’ म्हणून ओरडलो, आणि तो अंगावर येईल तसा थोडा वेग वाढवून धक्का मऊ करायचा प्रयत्न केला. तरी जो दणका बसला त्यानं माझं डोकं वर छताला आपटलं. बंपरला बंपर लागला. आता दोन्ही गाड्यांचं ओझं डॉजच्या चार चाकांवर होतं.

मी ब्रेकवर उभा राहिलो. अक्षरशः उभा, ढुंगण सीटवरून उचलून. डॉज थरथरायला लागली. जळकट वास आत शिरला. मागून शेवरलेट रेटत होती. वळण समोर आलं, पांढरे दगड आले, त्यापलीकडं काहीच नव्हतं. मी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं. जडशीळ डॉज, क्लचसारखंच तिचं स्टिअरिंगही जड, पण तिनं ऐकलं. मागची शेवरलेट घेऊन ती वळली. डावी चाकं का उजवी, कुठली ते आठवत नाही, पण डोंगराकडची चाकं चरीत उतरली, खडीवर करकर आवाज झाला, दोन्ही गाड्या घासत घासत वीसेक हात गेल्या आणि थांबल्या.

मग सगळं शांत झालं. खाली शेतात कुणीतरी मोट हाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

हणमंत धडपडत उतरला आणि पळत माझ्याकडं आला. मला दारातून ओढून काढलं आणि मिठी मारली. एवढा दांडगा गडी, हुंदके देत होता. “अण्णा, ब्रेक गेला! पाय खालीच गेला! हँडब्रेक वडला, त्यो बी धरंना! तू नसतास तर... आरं तू नसतास तर...”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

मिस्त्री उतरले. त्यांचं धोतर पाण्यानं भिजलं होतं, कपाळाला टेंगूळ आलं होतं. ते शेवरलेटच्या मागच्या डाव्या चाकाशी बसले. टायरच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं. तिथं तेल आणि धूळ यांचा जाड थर होता. त्यांनी तो नखानं खरवडला. मग उठून डिकी उघडली, तेलाची बाटली काढली आणि उन्हात धरून तिच्या तळाशी किती उरलंय ते बघितलं.

“हे आजचं नाय,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, नुसतंच.

हणमंतानं डोळे पुसले. “काय आजचं न्हाई?”

मिस्त्रींनी नुसती बाटली पुढं केली. हणमंतानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा बाटलीकडं. मग मला सोडून तो दोन पावलं मागं झाला.

“अण्णा,” तो सावकाश म्हणाला, “तू मला मागं टाकून पुढं आलास, तवा माझा ब्रेक लागत हुता.”

“हं.”

“मी शिव्या घातल्या तुला. चांगला लागत हुता ब्रेक. त्याच्यावर दोन वळणं गेली, मग गेला.” तो थांबला. “मग तू पुढं कशापायी आलास?”

जुळवून ठेवलेलं वाक्य माझ्यापाशी होतं. तुझी जिरवायची होती. ओठांपर्यंत आलंही असेल. पण त्याच्या गालांवर अजून पाणी होतं.

“मला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“कदीपासनं?”

“शिमग्यापासनं.”

तो कडेच्या एका पांढऱ्या दगडावर जाऊन बसला. मग म्हणाला, “मला मारायचं हुतं का?”

“नाही रे! आईच्यान नाही! मला डॉज हवी होती रे हणमंता. मी म्हटलं तू शेवरलेट उचलशील, मग सांगीन. मीच चालवत आणणार होतो, मला काय माहीत मिस्त्री गाड्या बदला म्हणतील...”

“डॉज हवी हुती?”

“हो.”

“मागायचीस की. दिली असती.”

एवढं सरळ बोलला तो. त्यात ना राग, ना टोमणा. मला त्या वेळी वाटलं, यानं मला धरून दरीत ढकलावं.

मिस्त्रींनी मागच्या चाकाकडं जाणारी ब्रेकची नळी पकडीनं दाबून चपटी केली, उरलेलं तेल भरलं आणि पॅडल मारून बघितलं. तीन चाकांपुरता ब्रेक आला. हे मलाही करता आलं असतं, शिमग्याच्या दिवशीच. पण चपटी केलेली नळी कुणाच्याही नजरेस येते.

“शेवरलेट मी खाली नेतो,” मी म्हणालो.

“नको,” हणमंत म्हणाला आणि तिच्यात बसला. मिस्त्रीही पुन्हा त्याच्याच शेजारी बसले. सेकंड गिअरमध्ये ते पुढं निघाले. मी मागून एकटा डॉज घेऊन आलो.

अंगणात आई तशीच जोत्यावर होती. माझी बायको आणि हणमंताची बायको पुरणाचा घाट घालून दारात उभ्या होत्या. डॉजचा मागचा बंपर आत गेलेला आणि शेवरलेटचं नाक चेपलेलं बघून आई ताडकन उठली.

“काय झालं? आरं काय झालं?”

मी तोंड उघडलं. पण हणमंत आधी बोलला.

“शेवरलेटचा ब्रेक गेला, आई. घाटात. अण्णा डॉज घेऊन माझ्या म्होरं आला, अंगावर झेलली माझी गाडी. म्हणून वाचलो.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मिस्त्री बाजल्यावर बसून धोतराचा सोगा पिळत होते, त्यांनी मान वर केली नाही. आई माझ्याकडं आली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

“माझ्या म्हयपतीनं भाऊ वाचवला माझा... लेक वाचवला माझा,” ती म्हणाली. आपण काय बोलतोय याचं तिला भानच नव्हतं.

त्यानंतर आई एकोणीस वर्षं जगली. आल्यागेल्याला ती गोष्ट सांगायची. थोरला कसा असावा तर माझ्या म्हयपतीसारखा. सांगताना मलाच हाक मारून शेजारी बसवायची. मी बसायचो. हणमंतही कधी समोर असायचा. पान लावत बसायचा आणि होय होय म्हणायचा. त्यानं कधी कुणाला काही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सणावारी आला, लग्नाकार्यात राबला, माझ्या पोरांना कडेवर खेळवलं. म्हणून मीच आज सांगतोय. आता आई नाही, मिस्त्री नाहीत, आणि गेल्या श्रावणात हणमंतही गेला.

पण त्या दिवशी अजून वाटे व्हायचे होते. आई डोळे पुसून पुन्हा जोत्यावर बसली, साखरेची वाटी मांडीवर घेतली. म्हणाली, “इडापिडा टळली. हणमंता, आता वाटा उचल बाबा. डॉजच घे. जीव वाचवलाय तिनं तुझा. म्हयपतीचं काही म्हणणं नसंल. व्हय रं?”

“नाही,” मी म्हणालो. “डॉज घे, हणमंता. खरंच घे.”

त्या घडीला मला डॉज त्यालाच द्यायची होती. नुसती डॉज कशाला, अंगावरचे कपडे काढून दिले असते.

हणमंत दोन्ही गाड्यांकडं बघत उभा राहिला. मग शेवरलेटपाशी गेला आणि तिच्या चेपलेल्या नाकावर हात ठेवला.

“मी ही घेतो.”

“आरं, तिचा ब्रेक गेलाय न्हवं?” आई म्हणाली. “खोडीची गाडी कशाला घेतोस?”

“हिची खोड कळली मला, आई,” तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं त्यानं, अगदी शांतपणे. “डॉजची अजून कळलेली न्हाई.”

आई हसली. तिला वाटलं, पोरगं गमतीनं बोलतंय. तिनं दोघांच्या हातांवर साखर ठेवली.

डॉजमध्ये खरंच दडवलेली काही खोड नव्हती. पण ते त्याला सांगायला मला तोंड राहिलं नव्हतं.